मंदार अर्धवट सोडून गेला नाही

मंडळी, कामाचा दिवस असूनही मंदारला निरोप द्यायला तुम्ही न्यू लिनच्या या हॉलमध्ये आलात. काहीजण ओटाहुहूहून ट्रेन बदलून आलात. मी गणेश. परांच्या बांधतो. मंदार आणि त्याची आई, म्हणजे आपल्या काकू, ज्या घरात राहायचे त्याच घरात मागची खोली माझी आहे. शाळेशी माझं कधी जमलं नाही, एका कामावरही फार टिकत नाही. उंचावर चढायची मला भीती नाही. इथे बोलायची आहे.

मघाशी एका काकांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "गणेश, हार्ट अटॅक आला एवढंच बोल. ते कोर्टाचं काढू नकोस." मी काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "सगळं सांग रे. पोराने शेवटी काही लपवलं नाही, मग आपण कशाला लपवायचं?"

म्हणून सांगतो. मंदार नशा करायचा. मेथची, इथे जिला पी म्हणतात, ती. शिकायला आला, नोकरी लागली, आणि अडकला. नशेपायी चोऱ्या केल्या, पकडला गेला. जेल नक्की होती. पण इथे व्यसनात सापडलेल्यांसाठी वेगळं कोर्ट आहे. गुन्हा कबूल करायचा, शिक्षा थांबवून ठेवतात. मग उपचार घ्यायचे, तपासणीला लघवी द्यायची, आणि दर तारखेला जजसमोर उभं राहून कसं चाललंय ते सांगायचं. पाठीशी घरचं माणूस असलं तर बरं, म्हणाले. म्हणून काकू देशातून इथे आल्या.

पहिल्या तारखेला काकूंनी काय केलं माहितेय? जजबाईंसाठी बेसनाच्या लाडवांचा डबा नेला! दारातल्या माणसाने हात जोडले, म्हणाला, घेता येत नाही. काकू मला म्हणतात, "शुगर असेल का रे त्यांना?" आत गेलो. जजबाईंनी विचारलं, आईला काही बोलायचंय का? काकू मराठीत बोलल्या, मी जमेल तसं इंग्रजी केलं. "बाई, बाकीच्या आया म्हणत असतील, सोडा. मी म्हणते, याला सोडू नका." लाडू बाहेर मंदारच्या सोबतच्यांनी संपवले. एक दांडगा माओरी भाऊ म्हणाला, "स्वीट ॲज, आंटी! एकदम झकास! जजचं नुकसान झालं बघा."

मध्ये एकदा मंदार घसरला. तपासणीआधी स्वतःच उभा राहून सांगून टाकलं. जजबाई खूप बोलल्या. उपचाराच्या मागच्या टप्प्यावर पाठवलं, पण बाहेर नाही काढलं. बसमध्ये मला म्हणाला, "गण्या, ओरडा खाल्ला. पण खरं बोलून खाल्ला."

अलीकडेच एक बाई घरी आल्या होत्या. असल्या कोर्टांचा उपयोग होतो की नाही, हे तपासायचं त्यांचं काम. किती जणांनी पूर्ण केलं, किती परत जेलमध्ये गेले, असं सगळं. त्यांनी मंदारला विचारलं, तुला वाटतं का, उपयोग झाला? तो म्हणाला, "मला नका विचारू. आईला विचारा, रात्री तिच्या खोलीला कडी लावते का."

मंडळी, काकू आल्या तेव्हा आतून कडी लावून झोपायच्या. पोटच्या पोराला घाबरून. शेवटी शेवटी दार उघडं असायचं.

आणि मग कोर्टाचं पूर्ण व्हायच्या आधीच तो गेला. डॉक्टर म्हणाले, नशेने हृदय आधीच खराब केलं होतं. पण रक्तात काही नव्हतं. परत सांगतो, कारण बाहेर चहा पिताना मी ऐकलंय काय चाललंय ते. रक्तात काही नव्हतं.

त्या बाईंचा परवा फोन आला. त्यांनाही वाईट वाटलं होतं. मी विचारलं, तुमच्या हिशेबात मंदार कुठे जाणार? म्हणाल्या, "पूर्ण न केलेल्यांत." मी म्हटलं, सोडून पळालेले असतात, त्यांच्यात? म्हणाल्या, पूर्ण केलेले आणि न केलेले, दोनच रकाने आहेत. त्यांच्यापाशी तिसरी जागाच नाही. मग मी कडीचं पुन्हा सांगितलं, म्हटलं, हे कुठे लिहिणार? म्हणाल्या, बघते.

आता तुम्ही मला सांगा. "एवढं करून काय उपयोग, गेलाच ना?" असं ज्यांना वाटतं, त्यांना मी काय म्हणू? कोर्टाने त्याचं आयुष्य वाढवलं नसेल. पण आईला तिचा मुलगा परत मिळाला. थोडा वेळ मिळाला. पण मिळाला.

येत्या आठवड्यात मंदारची पुढची तारीख होती. कोर्टातून सांगितलं, आता कुणी यायची गरज नाही. काल काकू साडीला इस्त्री करत होत्या. मी म्हटलं, "काकू, कशाला?" म्हणाल्या, "त्याचं नाव पुकारतील किंवा नाही पुकारणार. आपण जायचं. जजबाईंना सांगायचं, माझा मुलगा पळाला नाही. तू इंग्रजी कर."

मी करणार आहे. जमेल तसं.

आता उभं राहूया. काकू, तुम्ही बसा. थोडा वेळ कुणी काही बोलू नका.

मंद्या, येतो आम्ही तारखेला.