चौथे चाक

दिनांक १७ ऑगस्ट १९८६, रविवार, दुपारी १२ वाजता, पोलीस ठाण्यात.

मी, सौ. मृणालिनी कुमार खांबेटे, वय ५७ वर्षे, धंदा सार्वजनिक वाचनालयात नोकरी, राहणार पार्सिपनी, न्यू जर्सी, समक्ष हजर राहून सांगते की, मला इंग्रजी येते. परंतु सही करायची तर मराठीत बोललेल्यावरच करीन, असे मी म्हटल्यावरून आमचे शेजारी श्री. प्रताप राजवाडे यांना बोलावण्यात आले. मी सांगते तसे ते लिहून घेत आहेत.

माझे पती श्री. कुमार, वय ६२, निवृत्त केमिकल इंजिनियर. येत्या मे महिन्यात आम्ही दोघे ऑस्ट्रेलियात ॲडलेडपासून डार्विनपर्यंत गाडीने जाणार आहोत. अंतर तीन हजार किलोमीटरच्या वर, मधला काही रस्ता कच्चा. एप्रिलपासून आमच्या जेवणाच्या टेबलावर ऑस्ट्रेलियाचा नकाशा पसरलेला आहे व आम्ही कोपऱ्यावर ताटे ठेवून जेवतो. पेट्रोल कुठे मिळते, माणशी पाणी किती न्यायचे, कांगारू कोणत्या वेळी रस्त्यावर येतात, हे मला तोंडपाठ आहे. एका गावात उन्हामुळे लोक जमिनीखाली घरे करून राहतात, तिथे आमचा दोन दिवस मुक्काम आहे. इतका आनंद मला लग्न ठरले तेव्हाही झाला नव्हता. हे वाक्य लिहू का, असे श्री. प्रताप विचारत आहेत. लिहावे.

गेल्या ऑक्टोबरात हायवेवर गाडी चालवताना यांना हार्ट अटॅक आला. यांनी गाडी कशीबशी कडेला घेतली. मला ड्रायव्हिंग येत नव्हते. मदत येईपर्यंत चाळीस मिनिटे मी नुसती बसून होते. त्याबद्दल जास्त सांगायचे नाही. जानेवारीत मी लायसन्स काढले.

डॉक्टरांनी यांना प्रवासाला परवानगी दिली आहे, वजन उचलायला मनाई आहे. म्हणजे वाळवंटात टायर पंक्चर झाला तर तो मलाच बदलावा लागणार. आमची मुलगी विनीता फोनवर म्हणाली, "मॉम, आर यू सीरियस? यू कान्ट ईव्हन ओपन अ पिकल जार." लोणच्याची बरणी माझ्याने उघडवत नाही हे खरे आहे. तेव्हा असे ठरले की, मी चारही चाके एकटीने, एका तासात, काढून पुन्हा बसवायची. जमले तर उद्या सोमवारी तिकिटे पक्की करायची, नाही तर बेत रद्द. अट यांनी घातली, मी मान्य केली.

यांनी मराठी मंडळाच्या नाटकांना सोळा वर्षे प्रॉम्प्टिंग केले आहे. रंगीत तालमीशिवाय पडदा वर जाता कामा नये, हे यांचे मत. म्हणून आज सकाळी १०.२० वाजता शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये आम्ही गाडी लावली. सुट्टीमुळे तिथे कोणी नव्हते. तिकडे मे महिन्यात रात्री थंडी असते, म्हणून खास त्या प्रवासासाठी विणलेला स्वेटर मी घातला होता. आज ऊन कडक होते. पण रंगीत तालीम म्हटल्यावर मी तो काढला नाही. हे सावलीत फोल्डिंग खुर्चीवर स्टॉपवॉच घेऊन बसले.

तीन चाके ४१ मिनिटांत झाली. नट निघेनात तेव्हा मी पान्यावर उभी राहून उड्या मारल्या. हे सवयीप्रमाणे हलक्या आवाजात सांगत होते, "आधी नट सैल, मग जॅक." मी म्हणाले, "पाठ आहे हो मला, गप्प बसा."

चौथे चाक निघाले, तोच पोलिसांची गाडी आली. एक माणूस भर उन्हात म्हाताऱ्या बाईला लोकरीच्या कपड्यांत राबवतो आहे आणि वर घड्याळ लावून बसला आहे, असा रस्त्याने जाणाऱ्या कोणीतरी फोन केला होता. यातील 'म्हाताऱ्या' या शब्दाला माझी हरकत आहे. अधिकाऱ्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, हे तुमच्याकडून जबरदस्तीने करवून घेतात का. मी तोंड उघडण्याआधी यांनी खुर्चीवरून खुलासा केला, "नो नो ऑफिसर, धिस इज ओन्ली द फोर्थ टाइम." यांना चौथे चाक म्हणायचे होते. प्रॉम्प्टरने स्टेजवर येऊ नये ते याचसाठी. त्यानंतर आम्हा दोघांना इथे आणले. अधिकारी सौजन्याने वागले, मला पाणी दिले.

माझी पतीविरुद्ध काहीही तक्रार नाही. पोलिसांच्या गाडीत बसताना हे मला म्हणाले, "तिसरं चाक झकास झालं हं."

स्टॉपवॉच ताब्यात घेताना अधिकाऱ्यांनी ते थांबवले. त्यावर ४८ मिनिटे २० सेकंद आहेत. ते शून्यावर आणू नये. माझी ११ मिनिटे ४० सेकंद शिल्लक आहेत. गाडी जॅकवर असून तिच्यापाशी दुसरे अधिकारी उभे आहेत. चाकाला हात लावू नका, असा त्यांना निरोप द्यावा.

हा जबाब श्री. प्रताप यांनी मला वाचून दाखवला, मी बोलले तसाच उतरला आहे. कागदावरचे काळे डाग ग्रीसचे असून माझ्याच हाताचे आहेत.

पुरवणी जबाब, दुपारी १.३० वाजता, पार्किंग लॉटमध्ये:

चौथे चाक मी बसवले. दोन्ही अधिकारी हजर होते. या खेपेस हे एक शब्दही बोलले नाहीत. परत मिळालेले स्टॉपवॉच थांबवायचे यांच्याकडून राहून गेले, कारण हे डोळे पुसत होते. अधिकाऱ्यांच्या घड्याळाप्रमाणे नऊ मिनिटे लागली. हे वाचून पाहिले, बरोबर आहे. सही बॉनेटवर कागद ठेवून करत आहे. घरी गाडी मी नेते.