निळ्या पट्टीची वायर

काका : नऊ आहेत, मॅडम. मोजून नऊ. डबा टेबलावर उपडा केलाय. दोन पांढऱ्या, सहा काळ्या आणि एक कधीकाळी पिवळी असावी अशी.

मॅडम : गुंता सोडवलात?

काका : तेच तर करत होतो इतका वेळ. डब्यात ठेवताना वायरी सरळ असतात हो. झाकण लावलं की आत काय करतात कोण जाणे.

मॅडम : आता तापमान नोंदवणारा तो लॉगर हातात घ्या आणि त्याचं केबल लावायचं तोंड नीट बघा. एक कड लांब, समोरची आखूड, बाजू आत कललेल्या.

काका : घमेल्यासारखं.

मॅडम : घमेल्यासारखं. तसंच टोक असलेली केबल हवी. लंबगोल नको, अगदी चपटं नको. आणि बसत नसेल तर जोर लावू नका, तोंड मोडलं तर लॉगरच कामातून जाईल.

काका : तीस वर्षं काचेच्या थर्मामीटरवर काढली मी, मॅडम. एकही फोडला नाही. जोराचं मला नका सांगू.

मॅडम : बरं, नाही सांगत. पिवळीपासून सुरुवात करा.

काका : पिवळीला गोल पिन आहे, सुईएवढी. माझ्या पहिल्या फोनची. फोन गेला, ही राहिली.

मॅडम : बाजूला ठेवा.

काका : ही जाड काळी, चौकोनी तोंडाची.

मॅडम : ती प्रिंटरची.

काका : प्रिंटर तुमच्या लोकांनीच परत नेला. आता इथून काही छापायचं नाही म्हणाले. ही बाजूला. या दोन लंबगोल, आणि या दोन चपट्या, बसल्यासारख्या वाटतात पण आत हलतात.

मॅडम : चारही नकोत.

काका : ही सहावी काळी, इथे माझ्याबरोबर ड्यूटीला असायचा त्या जोडीदाराची. उंदराने कुरतडलेली. आतली तांब्याची तार दिसते.

मॅडम : उंदीर आहेत तिथे?

काका : होता एक. जोडीदाराची बदली झाली आणि महिन्याभरात उंदीरही गेला. त्याला खायला तोच घालत असणार. मी उगाच त्याला सापळा लाव, सापळा लाव म्हणून बोलायचो.

मॅडम : मग राहिल्या दोन पांढऱ्या.

काका : दोन्ही घमेल्यासारख्या. टॉर्चबरोबर आलेल्या. एक लावतो... बसली. टक्क आवाज आला. हिरवा दिवाही लागला, मॅडम.

मॅडम : थांबा. तुमच्या लॅपटॉपचा स्क्रीन मला इथे दिसतोय, पण त्यावर लॉगर आलेलाच नाही. दुसरी लावून बघा.

काका : दुसरीही तशीच. दिवा लागतो. तुम्हाला दिसतंय काही?

मॅडम : नाही.

काका : दिवा लागतो आणि दिसत नाही, हे काय गौडबंगाल?

मॅडम : गौडबंगाल नाही. चांगल्या केबलच्या आत चार तारा असतात. दोन वीज नेतात, दोन आकडे नेतात. टॉर्चला आकड्यांशी काय करायचंय? म्हणून स्वस्तात पडावं यासाठी तिच्या केबलमध्ये दोनच तारा घालतात. वीज जाते, बोलणं जात नाही. बाहेरून बघून कळत नाही, लावूनच बघावं लागतं.

काका : म्हणजे माझ्यासारखंच झालं. महिन्याचं सामान वर येतं, ड्रायव्हर फाटकाशी पोतं टाकतो आणि गाडी वळवतो. हॉर्नसुद्धा वाजवत नाही आता.

मॅडम : नवीन ड्रायव्हर आहे का?

काका : असेल. चेहरा दिसला तर सांगेन. मग, एकही चालत नाही म्हणजे तुम्हाला यावं लागणार.

मॅडम : काका, तीन महिन्यांची फाइल आलेली नाही. मंगळवारी लॉगर भरेल. भरला की तो सगळ्यात जुने आकडे पुसून त्यांवर नवे लिहायला लागतो. अख्ख्या थंडीचे आकडे जातील.

काका : ठाऊक आहे मला. म्हणून म्हटलं, सोमवारी निघालात तर पोचाल. खालच्या नाक्यावर येतो मी बॅग घ्यायला. मागच्या वेळी चढावर तुम्ही दोनदा बसलात.

मॅडम : एकदा.

काका : दुसऱ्यांदा बुटाची नाडी बांधत होतात म्हणे. दोन्ही नाड्या नीट बांधलेल्या होत्या.

मॅडम : मागच्या वेळीच मी तुम्हाला एक केबल दिली होती. काळी, हातभर लांब, टोकाला निळी चिकटपट्टी. मीच लावली होती ती पट्टी, चुकू नये म्हणून.

काका : निळी पट्टी.

मॅडम : हो.

काका : या नऊमध्ये निळी पट्टी नाही, मॅडम. खोटं नाही सांगत. परत बघू का?

मॅडम : नको. डब्यातल्या नऊ मोजल्या ना तुम्ही. डब्याबाहेर किती आहेत?

काका : डब्याबाहेर म्हणता?

मॅडम : काका?

काका : एक.

मॅडम : कुठे?

काका : स्वेटरच्या खिशात.

मॅडम : लावा.

काका : लावतो. ती देताना तुम्ही काय म्हणालात, आठवतं का?

मॅडम : पट्टीची बाजू लॉगरला, असं म्हणाले असेन.

काका : ते म्हणालात. मग म्हणालात, आता तुम्हाला माझी वाट बघत बसायला नको.

मॅडम : हो. मला वाटलं तुमची सोय होईल.

काका : सोय झालीच की. बसली बघा. दिवा लागला.

मॅडम : आला. लॉगर दिसतोय. कॉपी सुरू करते मी इथून. आता तिला हात लावू नका.

काका : किती वेळ?

मॅडम : पाऊण तास तरी. लॉगर जुना आहे.

काका : मग फोन ठेवू? तुमचा शनिवार. सुट्टी असेल ना?

मॅडम : आहे.

काका : मग ऑफिसात काय करताय?

मॅडम : खोलीवर काय करू? तिथे खिडकीसमोर भिंत आहे. इथे निदान पंखा आवाज करतो. फोन राहू द्या चालू.

काका : तुमच्याकडे माणसं भरपूर, असं वाटायचं मला.

मॅडम : पूर्वी असायची. सगळे जण हवामान केंद्रांवर फिरायचे, परत आले की टेबलाभोवती बसून एकमेकांच्या फजित्या सांगायचे. आता अठरा ठिकाणचे आकडे आपोआप येतात. चौघांच्या जागी मी एकटी. तुमच्या खालच्या केंद्रावर तर आता माणूसच नाही. खांबावर एक डबा आणि त्याला अँटेना.

काका : तो खालचा? त्याच्याशी मी रोज संध्याकाळी बोलायचो. त्याचं तापमान विचारायचं, माझं सांगायचं, मग तो पायाच्या दुखण्यावर घसरायचा. हल्ली फोन लागेना त्याचा. गेला होय.

मॅडम : निवृत्त झाले. डबा बसवायला मीच गेले होते.

काका : हं. तुमचं काम चोख असतं.

मॅडम : काका, मला वर येण्यासाठी साहेबांना कारण द्यावं लागतं. केबल मिळत नाही म्हटलं तर ते कुरिअरने पाठवतील. फाइल का आली नाही, ते मी त्यांना सांगणार नाही.

काका : सांगितलंत तरी चालेल. केलंय ते केलंय.

मॅडम : एकच कारण आहे, ज्याला साहेबांना विचारावं लागत नाही. लॉगरच्या तापमानाची काचेच्या थर्मामीटरशी तुलना करायची असते. अर्ध्या अंशाहून जास्त फरक आला, तर लॉगर दुरुस्त करायला इंजिनिअरने जायचंच. नियम आहे.

काका : मला नका शिकवू नियम. तुम्ही शाळेत होतात तेव्हापासून मी त्या नियमाने वाचतोय. अजूनही वाचतो, सकाळ-संध्याकाळ. कोणी विचारत नाही, पण पाय जातात बाहेर, थर्मामीटरच्या पेटीकडे.

मॅडम : म्हणूनच विचारतेय. वर्षातून एकदा तुलना करावीच लागते. तुमच्या केंद्राची बाकी आहे. आज केली तरी चालेल.

काका : आज.

मॅडम : आत्ता. पेटीत लॉगरचा सेन्सर आहे ना, तो अकरा पूर्णांक सहा दाखवतोय. तुम्ही बाहेर जाऊन पारा वाचा.

काका : अकरा पूर्णांक सहा. म्हणजे बारा पूर्णांक दोन असला तर तुम्ही निघणार.

मॅडम : मंगळवारी निघेन. बुधवारी तुमच्याकडे. तुमचं थर्मामीटर इथून मला दिसत नाही, काका. तुम्ही जो आकडा सांगाल तोच मी लिहिणार.

काका : दोन दिवस राहाल?

मॅडम : दुरुस्तीला दोन दिवस लागतातच.

काका : जोडीदाराची खाट आहे अजून. गादी उन्हात टाकावी लागेल.

मॅडम : टाका.

काका : बघून येतो. तुम्ही आहात ना?

मॅडम : आहे.

(फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज. दार उघडतं. बराच वेळ नुसता वारा. मग दार लागतं, खुर्ची सरकते.)

मॅडम : काका?

काका : आलो. पेटीचं दार फुगलंय, लवकर उघडेना. श्वास रोखून वाचावं लागतं, नाहीतर आपल्याच उबेनं पारा चढतो.

मॅडम : ठाऊक आहे.

काका : दोनदा वाचलं.

मॅडम : सांगा.

काका : अकरा पूर्णांक आठ.

मॅडम : अकरा पूर्णांक आठ.

काका : लिहिलंत?

मॅडम : लिहिलं. फरक दोन दशांश.