गाडीच आली नाई तर भागाकार कशाले?

हॅलो?… हो, रागिणीच बोलून राहिली, अमरावतीहून. बोल वर्षाली… मॅडम नको म्हणू वं, ताई म्हण.

काय?… कोडमधला तुहा बदल मागं घेऊन राहिली? काहून?… नाई, थांब! बटन दाबू नको. आज गेला नाई तर नव्या आवृत्तीत येणार नाई तो. आधी माह्यं ऐक.

अवं, सकाळपासून तुह्या त्या दोन ओळीच वाचून राहिली मी. इतकी वर्षं झाली, आपला कंपायलर कोड मशीनच्या भाषेत नेतानी लूपमधला, पुन्हा पुन्हा होणारा भागाकार बाहेर काढते, आधीच एकदा करून ठेवते, प्रोग्राम जोरात पळते. सारे खूश! पण लूप एकदाही फिरलाच नाई तर?… हो, हो, तेच तर! शून्यानं भागाकार, अन् प्रोग्राम आडवा. आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नाई पोरी. तुह्या आलं!

कोण बोललं तुले?… मंजुरी देणारे धर्मपाल सर? काय लिहिलं?… 'व्हाय?' एवढंच?… अवं ऐक ना! रडते कायले? अकोल्याचे हायेत ते. समोर असते तर 'काहून वं?' म्हणले असते, अन् तू फटकन सांगतलं असतं. इंग्रजीत लिहिलं म्हणून झोंबलं तुले. काम पटलं नाई तर ते इचारतच नाईत, सरळ बंद करतात!

मंग सांग ना त्यायले… मले सांगतलं होतं तसंच… हो, संत्र्याचं! बाबा बगिच्यात उभे, गाडीच आली नाई, अन् आपला कंपायलर आधीच हिशोब करून राहिला, एका गाडीत किती संत्री! आधी गाडी आली का पाह्य, मंग भाग… लाज कशाची त्यात? चांदूर बाजारची संत्री कुठं कुठं जातात, तुह्यं उदाहरण नाई जाणार?

लिहिलं?… वाच… वा वं! दे धाडून.

काय झालं?… इतक्या लवकर? थांब, मीबी उघडते… अगं माय! मंजूर केलं त्यायनं! 'आता समजलं. संत्र्याचं उदाहरण कोडमध्येच लिहून ठेवा'… माह्या आधी मंजुरी दिली बुढ्यानं! मी इथं सकाळपासून वाचून राहिली अन्…

हो, हो, दाबलं, मीबी मंजुरीचं बटन दाबलं… गेला वं पोरी, तुहा बदल आत गेला! लय अभिमान वाटून राहिला मले तुह्या…

हॅलो? वर्षाली?… कोण, तिच्या लीलाकाकू?… वर्षाली कुठं गेली?… बगिच्यात? चप्पल न घालता?… बाबाले सांगाले?

पळू द्या काकू, पळू द्या. ठेवते मी.