साहेबांनी कल्चर बदललं

अरे, कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायचो, तेव्हाची गोष्ट. मुळशीत औषधासाठी जिवाणू वाढवणारी आमची कंपनी होती. टाक्यांचं तापमान सांभाळणारा प्रोग्रॅम आम्ही तिघं लिहायचो आणि जिवाणूंचं विरजण बाटल्यांत जपायची नांदे गावची सुमन. त्या विरजणाला लॅबमध्ये कल्चर म्हणतात. आमचा साहेब रोज सकाळी त्या बाटल्यांची विचारपूस करायचा. आम्ही जेवलो की मेलो, ते त्यानं कधी विचारलं नाही.

एकदा हा मुंबईहून टीम सांभाळायचा कोर्स करून आला आणि आल्या आल्या सगळ्यांसमोर गरजला, "इथलं कल्चर पार सडलंय! आजच्या आज मुळापासून बदला!"

सुमन म्हणाली, "बरं." संध्याकाळपर्यंत तिनं सगळ्या बाटल्या उकळून मोरीत ओतल्या.

दुसऱ्या दिवशी रिकामी कपाटं बघून साहेब ओरडला, "सुमन, वर्षाची मेहनत गेली गं! मी माणसांच्या कल्चरबद्दल बोलत होतो!"

"आसं व्हय? साहेब, तुमी रोज बाटल्यांचंच इचारता. एकाएकी माणसांचं बोलाय लागलात, हे आमाला कसं कळावं?"