हप्त्याच्या वरचे पैसे

नेकनूरहून बीडला निघालेल्या बसमध्ये पौर्णिमा खिडकीशी बसली होती. मागच्या बाकावर साठी ओलांडलेले एक नवरा-बायको बोलत होते. नवऱ्याचा आवाज चढला, तशी तिने कानातली गाणी बंद केली.

“वीस वर्षांचं घराचं कर्ज बारा वर्षांत कसं फिटंल? बँकवाल्याची चूक झाली असंल.”

“चूक न्हाई. तुमच्या हप्त्याच्या वर मी दर महिन्याला शिलाईचे पैसे भरत होते. कदी पाचशे, कदी दोन हजार. ते समदे मुद्दलातून कमी होतेत.”

“बारा वर्षं? अन् मला कावून सांगितलं न्हाई?”

“सांगितलं असतं तर तुमी मोटरसायकल घेतली असती.”

“घेतली असती, हे खरं हाय.”

पौर्णिमाने पदराआड हसू लपवलं.

“बँकेत घराची कागदं घ्यायची हायेत. सही तुमची लागती, म्हणून आणलं तुमाला.”

“म्हंजी आता हप्ता न्हाईच? मी तर हप्त्यापायी रिटायर झाल्यावर बी कापसाच्या जिनिंग मिलच्या गेटवर वाचमन म्हणून उभा ऱ्हातो. गुडघे गेले माझे.”

“म्हाईत हाय. रोज तेल मीच लावते.”

“मंग ती नोकरी सोडू का?”

“मालकाला काल सांगून आले मी. आजपासून तिथं दुसरा माणूस हाय.”



“मंग उद्या सकाळी मी जाऊ कुठं?”

“कुठं बी नका जाऊ. घर आपलं हाय आता. बसा की घरात.”