पत्राचं चौथं पान

...नाही, म्हणू दे हो, 'पढतमूर्ख' म्हणू दे! पण स्वतःच्या बायकोनं? भर गॅलरीत? लालबागच्या अख्ख्या चाळीसमोर? आणि तुम्हाला सांगतो, सगळ्यात वाईट काय, तर मला उत्तर सुचेना! मला! गिरगावच्या शाळेत सतरा वर्षं मराठी शिकवतोय मी, घरी पर्यायी शब्दांची वही करतोय. 'पंडिती' या विशेषणापाशी तीन आठवडे अडलो होतो... विद्वत्ताप्रचुर, पांडित्यपूर्ण, शब्दबंबाळ, पोथीनिष्ठ, सगळे लिहून झाले, फक्त 'वाक्यात उपयोग करा' म्हटल्यावर चपखल उदाहरण काही मिळेना. मिळालं! शिकलेला माणूस ना मी!

झालं काय, आमच्या शेजारचा कुशाबा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर असतो, तो संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात गेला, पकडला, तीन महिन्यांची शिक्षा. त्यात काय विशेष, छप्पन साल हे, आमच्या एका मजल्यावरचे पाच जण आत आहेत! त्याची बायको सुभद्रा, तिला लिहिता-वाचता येत नाही, ती पोस्टकार्ड घेऊन माझ्याकडे आली. "मास्तरांनू, सासूक चार वळी लिवा. ते पकडले गेले, बरे आसत, तीन म्हयन्यान सुटतले, काळजी करू नको. बस." चार ओळी! पोस्टकार्डावर! अहो, माझी प्रस्तावनासुद्धा मावत नाही त्यात! मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही जा, मी बघतो," आणि काढले की फुलस्केप कागद.

आता गावच्या पत्राची पहिली ओळ तुम्हाला ठाऊक आहे. 'इकडे सर्व खुशाल, तिकडील खुशाली कळवणे.' पिढ्यान् पिढ्या तीच! मी म्हटलं, इथं इतिहास घडतोय आणि आपण काय, खुशाल? शाळेत असलं गुळगुळीत वाक्य आलं की मी लाल शाईनं खोडतो. इथंही गाळलं! आणि सुरुवात केली, अहाहा... 'हे वीरमाते, तुझ्या कुशीतून जन्मलेल्या नररत्नाने महाराष्ट्रमाउलीच्या चरणी सर्वस्व वाहिले असून, त्याच्या नुसत्या स्मरणाने गिरणगावाचा कंठ दाटून येत आहे...' अशी दोन पानं. तिसऱ्या पानावर देवगिरीचे यादव. आणि कुशाबाची तब्येत बरी आहे, तो सुटणार आहे, हे चौथ्या पानावर, तळाला. विषयाची मांडणी म्हणून काही असते की नाही? शिकलेला माणूस ना मी!

पत्र गेलं देवगडच्या बाजूला. पुढचं सगळं मला मागाहून कळलं. तिथं पोस्टमन धोंडू पत्रं वाचून दाखवतो. त्यानं पाहिलं, पहिल्या ओळीत खुशाली नाही. अहो, ज्या पत्रात खुशाली नाही ते मयताचं पत्र, हे गावात शेंबड्या पोरालाही कळतं! धोंडूनं टोपी काढली. पुढे वाचतो तर नररत्न काय, सर्वस्व काय, दाटलेला कंठ काय... कुशाबाची एवढी स्तुती? जित्या माणसाची एवढी स्तुती करतं कोण आपल्यात? दुसरं पान संपायच्या आत कुशाबाच्या आईनं, गंगुबाईनं, हंबरडा फोडला. चौथ्या पानापर्यंत पोचतोय कोण!

आठवड्यानं म्हातारी भाऊच्या धक्क्यावर बोटीतून उतरली आणि रडत रडत थेट चाळीत. दारात सुभद्रा मासे कापत बसलेली. म्हातारी बघतच राहिली. "गो सुभद्रा, माझो झील गेलो आणि तुझ्या कपाळार कुकू कसा गो?" सुभद्राच्या हातातली सुरमई पडली. तिला वाटलं, तुरुंगातून निरोप परस्पर गावाला गेला! "गेले? कधी? माका कोणी सांगूक नाय!" झालं, दोघी गळ्यात गळा घालून... ही म्हणते तिला कळलं, ती म्हणते हिला कळलं. चाळ गोळा झाली, बायका रडतायत, गिरणीतून नुकता आलेला आमच्याच मजल्यावरचा दौलत भिंतीला टेकून खालीच बसला. आणि मी? मी काय केलं विचारता? मी कोट घातला! दोन शब्द बोलावे लागणार म्हणून! घसा साफ करून सुरूसुद्धा केलं, "मृत्यू हा..."

तेवढ्यात राजलक्ष्मी, म्हणजे आमची ही, तिनं म्हातारीला विचारलं, "आई, तुम्हाला सांगितलं कुणी?" गंगुबाईनं कमरेची पिशवी सोडली आणि पत्र काढलं. माझं पत्र! घड्या घालून घालून विरलेलं. दौलत वाचायला लागला, अडखळत अडखळत... नररत्न... यादव... कुणाला काही कळेना, मी मात्र कोटाची बटणं सोडायला लागलो होतो. चौथं पान आलं. "'प्रकृती उत्तम असून'... म्हंजे? अरे, जितो आसा कुशाबा!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं हो! दौलत एवढंच म्हणाला, "अति शाणो, त्येचो बैल रिकामो." हिनं तो शब्द वापरला, जो मी सुरुवातीला सांगितला. आणि गंगुबाई जवळ आली, आठ दिवसांत घरात चूल पेटली नव्हती तिच्या. "मेल्या, माझो झील जितो आसा, ह्या पयल्या वळीत लिवक तुका काय झाला होता?" काय सांगणार? मांडणी? लाज वाटली. अशी लाज वाटली की घरात जाऊन कोट घालूनच मोरीत बसून राहिलो.

चार दिवसांनी सुभद्रा दारात. हातात पाटी. "मास्तरांनू, माका लिवक-वाचूक शिकवा." तुम्हाला सांगतो, ऊर भरून आला! म्हटलं, अजून आहे आपली किंमत. "जरूर, जरूर! पण वहिनी, एकदम मनात कसं आलं?" तर खाली मान घालून, अगदी साधेपणानं म्हणते, "परत कधी तुमच्याकडसून पत्र लिवन घेवची पाळी येव नये म्हणून."

शिकवलं! करतो काय? शिकलेला माणूस ना मी! दोन महिने रोज संध्याकाळी. कुशाबा सुटला त्या दिवशी तिनं पहिलं पोस्टकार्ड लिहिलं, माझ्यासमोर बसून, जीभ दातांत धरून. 'ते सुटले. बरे आहेत.' चार शब्द! केवढी जागा उरली होती खाली... मी आपलं भीतभीत म्हटलं, "वहिनी, खाली एखादी ओळ घालू का मी?"

कार्ड पदराखाली गेलंसुद्धा!