खोड्यातली रिकामी जागा

हॅलो? … हो, बोल गं. थांब, हात ओले आहेत, फोन खांद्यात धरलाय… जोरात बोल जरा, दुधाची किटली घासतेय मी… हां, आता बोल.

… कोण म्हणालं? … माझ्या लेकीनंच ना? वाटलंच. तिच्या पोटात काही म्हणता काही राहत नाही. आईच्या बरगडीची बातमी मावशीला पोचवल्याशिवाय घास उतरला नसेल तिला… नाही गं, मोडलेली नाही. चीर गेलीय नुसती. दोन ठिकाणी… हो, दोन म्हणजे दोन बरगड्यांना… नाही, बरगडीला प्लास्टर नसतं घालत. पट्टा बांधलाय. पडून राहा म्हणाले डॉक्टर. आता मी पडून राहिले तर किटली कोण घासणार, किटली?

… न्हाणीघरात? … हो, तसंच सांगितलंय मी सगळ्यांना. पाय घसरला म्हणून. … आता तुझ्याशी कशाला खोटं बोलू, ऐक ना… अगं ऐक तरी… तू अशी ओरडायला लागलीस ना की तू फ्रॉकमधली वाटतेस मला. हां. बस जरा. पाणी पी. सांगते.

खोड्यात झालं.

खोडा गं, लोखंडी. गाईला इंजेक्शन द्यायचं, खुर कापायचे, की उभं करतात तो. दोन्ही बाजूंना गज, पुढे मान अडकवायची जागा, मागे आडवा दांडा… हो, अंगणाच्या कडेला आहे तोच. मागच्या खेपेला तू त्यावर चादरी वाळत घातल्या होत्यास.

तर तो आहे गाईंच्या मापाचा. गाय आत गेली की गच्च बसते. पण वासरू आत घातलं की काय होतं, थोरल्याचा कोट धाकट्याला घातल्यासारखं होतं. मान अडकतच नाही, सुळकन निसटते. गरकन वळतं आणि उलटं तोंड करून आपल्याकडेच बघत उभं राहतं. नाहीतर गजांतून पाय बाहेर काढतं. मागे एका कालवडीनं तसाच पाय घातला आणि तशीच वळली… मोडला ना. काडकन. … नाही, नाही वाचली. तो आवाज अजून माझ्या कानातून गेलेला नाही.

तेव्हापासून मी जाते आत. … आत म्हणजे आतच गं, खोड्यात. पुढे वासरू, त्याच्यामागे मी, माझ्यामागे दांडा. मी उभी राहिले की त्याला वळायला जागा राहत नाही. गुडघा त्याच्या मांडीला लावायचा, शेपटीपाशी हात ठेवायचा आणि 'बाळा, बाळा' करत राहायचं. गरीब असतात बिचारी, आवाज ओळखतात…

हो. जागा भरायला. … बोळा म्हण हवं तर. … हो, वर्षानुवर्षं. … अगं हे पुढे मान धरतात ना! आणि ते मागे मावायचे कसे? पोट बघितलंयस का तुझ्या भावजींचं?

… परवा. कानाला बिल्ले मारायला डॉक्टर आले होते… नाही, माझे वेगळे, हे जनावरांचे डॉक्टर. पहिल्याच वासराच्या कानात कट् झालं आणि ते असं काही मागे आलं… दिसायला एवढंसं, पण रेटा काय असतो म्हणून सांगू! मागे दांडा, पुढे ते. डोळ्यांपुढे काजवे चमकले. … नाही, ओरडले नाही. ओरडलं की ते अजून बिथरतं.

… लाज वाटली म्हणून नाही सांगितलं. एक्स-रे काढताना विचारलं त्यांनी, तुम्ही काय करत होता? आता काय सांगू? मी फटीत होते म्हणून सांगू?

… नाही कसं, वेल्डरला बोलावलं होतं की. मागेच. त्यानं माप घेतलं, म्हणाला, आतून एक सरकती जाळी बसवून देतो, वासरू असलं की पुढे ओढायची, गाय असली की मागे. कोणाला आत जायला नको. … बसवली नाही. … नाही, खर्चाचं काही नव्हतं. हे म्हणाले… जाऊ दे. … अगं जाऊ दे ना. …

हे म्हणाले, 'कशाला? आमच्याकडे ही आहे की.'

… हॅलो? … आहेस ना? … हो, तिथेच होते. चहाचे कप होते हातात. … काय म्हणणार? चहा दिला. … वाटलं ना वाईट. फार वाईट वाटलं. पण ते कौतुकानं म्हणाले गं! हसत, त्या वेल्डरच्या पाठीवर थाप मारून. तीच तर पंचाईत आहे. मनात वाकडं ठेवून म्हणाले असते तर भांडले तरी असते. कौतुकाशी कसं भांडायचं, सांग.

… दमलेय गं. बरगडीनं नाही. तसंच, एकूण.

थांब, मोटरसायकल आली. … डॉक्टरच. आज लस आहे तिन्ही वासरांना. … नाही, पुढे नाही ढकलता येत. पलीकडच्या गोठ्यात लाळ-खुरकत आलंय, आज नाही टोचलं तर तिन्ही हातची जायची. … नाही. … नाही म्हटलं ना, नाही जाणार. … पण मी नाही गेले आणि एखाद्यानं पाय घातला गजांत तर? तू असतीस तर तू काय केलं असतंस? … तुला सोपं आहे बोलायला.

… विसरलेत कशाला? माहितीय की यांना, माझ्या बरगड्यांचं. सकाळी स्वतः गरम पाण्याची पिशवी करून दिली. म्हणाले, 'आज नुसती उभी राहा, जोर लावू नकोस.' … हो. असंच म्हणाले. … शिव्या देऊ नकोस गं, नवरा आहे माझा.

… हाक मारली. ऐकलीस? … ऐक, तू फोन ठेवू नकोस. अजिबात ठेवू नकोस. बोलत राहा… काहीही बोल. भाजीचे भाव सांग…

अहो, फोनवर आहे मी! … धाकटीचा! … हो, महत्त्वाचं आहे!

… काय महत्त्वाचं म्हणून विचारतायत. काय सांगू? … अहो, रडतेय ती! … रड ना जरा मोठ्यानं. … रड म्हटलं तर खिदळतेस काय, बाई!

… हे खोड्याकडे बघतायत. डॉक्टर घड्याळाकडे बघतोय. थांब, पायरीवर येते, इथून नीट दिसत नाही…

अगं! हे स्वतःच चाललेत आत. … हो, स्वतः! वासरू घातलं पुढे… पोट आत ओढलंय… शिरले. दांडा लावला डॉक्टरनं. … हसू नको, खरंच शिरले. डॉक्टरच्या एका हातात मान, एका हातात सुई.

… 

… आहे गं. आहे मी. बघतेय.

… काही नाही झालं अजून. … बाहेरून कधी बघितलंच नव्हतं मी हे. मी आतच असायचे ना. … किती कमी जागा आहे गं. वासराच्या खुरात आणि यांच्या नडगीत वीतभरही अंतर नाही. मागे सरकायला काही नाही, तो दांडा पाठीत. लाथ मारली तर जायचं कुठे माणसानं? घाबरलेत. मान खाली घातलीय, पण मला कळतं ना.

… म्हणजे यांना हे दिसत होतं.

… मीच आत असायचे आणि हे समोर. मान धरून, माझ्याकडे तोंड करून. दर वेळेला दिसत होतं गं यांना, असंच. … नाही, रडत नाहीये. … रडतेय. रडू दे मला.

अगं आई गं! … अहो! अहो, तो खिळा! … डॉक्टर, मान सोडू नका! … थांब, फोन ठेवते खाली, तू ठेवू नकोस…

…

… हॅलो? … आहेस? … काढलं यांना बाहेर. त्या दांड्याचा खिळा हिसका देऊन वर ओढावा लागतो, तो माझ्याच हाताला निघतो. … नाही, मला काही झालं नाही. कळ आली, गेली. … मांडीला लाथ बसली त्यांच्या, जोरात. पण चालतायत. बादली पालथी घालून बसलेत, पांढरेफटक. … वासरू मजेत आहे. लस टोचून झाली त्याची.

… काहीतरी म्हणतायत. काय हो? … काय म्हणालात?

… म्हणतात, 'तू कधी बोलली नाहीस.'

… हो ना. … काय उत्तर देऊ मी याला? तूच सांग. मी दिसत होते की. …

अहो, बोलायचं काय त्यात? दिसत होते की मी तुम्हाला! …

… मांडी चोळतायत नुसती. … आता डॉक्टर विचारतोय, बाकीच्या दोघांचं काय. सगळे माझ्याकडे बघतायत गं. डॉक्टर बघतोय, हे बघतायत, ती दोन वासरंसुद्धा बघतायत.

नाही. … नाही म्हटलं. मी आत जाणार नाही. आज नाही, आणि बरगड्या भरून आल्या तरी नाही. …

… म्हटलं गं. ऐकलंस ना तू? … उठले हे. … घरात गेले. … चपलांसकटच गेले आत, सगळी माती घरात. … रागावले असतील. रागावू देत. … आत काहीतरी पडलं. … गादी ओढल्यासारखा आवाज येतोय. …

अगं बाई! … फळी! पलंगाची फळी काढून आणली यांनी! … आमच्याच पलंगाची, गादीखालची, आख्खी! डोक्यावर घेऊन आले. … खोड्यात उभी घालतायत, गजांच्या आतून. … आणि दुसऱ्या बाजूच्या गजांना पोती, पेंढ्याची, मागेही तीच, मी उभी राहायची तिथे. …

अहो, उलटी! उलटी धरलीय! गुळगुळीत बाजू वासराकडे करा, खरखरीत गजांकडे! … हां, अशी!

… बसली गं. मापानं केल्यासारखी बसली. … दुसरं वासरू घातलं… वळायला बघतंय… नाही येत वळता. पायही नाही बाहेर काढता येत. उभं राहिलंय गुपचूप. … हो ना, काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्याच फळीवर झोपत आलो आम्ही इतकी वर्षं, दोघंही, आणि एकाच्याही डोक्यात… माझ्याही नाही आलं गं, त्यांनाच कशाला बोल लावू.

… आज? आज झोपायचं जमिनीवर, दुसरं काय. … झोपेन. बरगड्यांना जमीन बरी असते म्हणतात. … नसली तरी झोपेन.

… हाक मारतायत परत. फळी हलतेय, बांधायला दोरीचं टोक धर म्हणतायत. … अगं, ओरडू नकोस! आत नाही. … नाही, आत नाही बोलवत आहेत. … हो, विचारलं मी. बाहेरूनच धरायचंय. … ठेवते.